पार्लरची फुकट प्रसिद्धी कशी करावी: कोल्हापुरातल्या अनुभवातून

पार्लर सुरू केलं त्याच महिन्यात मी एक पानभर मजकूर लिहून एका दैनिकाच्या कचेरीत नेऊन दिला होता. ‘अत्याधुनिक सुविधांनी सज्ज, माफक दर, एकदा अवश्य भेट द्या’ असं सगळं त्यात होतं. तिथल्या उपसंपादकांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद परत दिला. म्हणाले, “ताई, ही जाहिरात आहे. जाहिरात विभाग खालच्या मजल्यावर.” जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते बरोबरच बोलले होते. पैसे न देता छापून यायचं असेल, तर वाचणाऱ्या बाईच्या उपयोगाचं काहीतरी त्यात पाहिजे. आपलं नाव त्याच्या मागून येतं. तेव्हापासून राजारामपुरीतल्या या छोट्या दुकानासाठी मी जे जे केलं आणि जे लागू पडलं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी गुगलवरचं दुकान उघडा

पेपरात नाव वाचलं की बाई मोबाईलवर ते शोधणार. तिथे काहीच सापडलं नाही, तर पेपरातलं नावही वाया जातं. म्हणून पहिलं काम गुगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या पानाचं. ते पूर्ण मोफत आहे. दुकान खरंच तुमचं आहे याची खात्री गुगल करून घेतं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा दुकानाचा बोर्ड, आतली जागा दाखवणारा व्हिडिओ मागतं. बोर्डावर जे नाव आहे तेच तिथे लिहा. ‘बेस्ट ब्रायडल मेकअप कोल्हापूर’ असली शेपूट नावाला जोडू नका, ते नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद होऊ शकतं. नकाशावरची खूण बरोबर तुमच्या दारात आहे ना, ते स्वतः चालत जाऊन बघा. आपल्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत, पण माणसं पत्ता विचारतात तो देऊळ नाहीतर शाळा सांगून. फोटोंमध्ये रस्त्यावरून दुकान कसं दिसतं, तोही एक टाका.

अभिप्राय मागायला लाजू नका. गुगलवर अभिप्राय लिहायचं पान उघडणारा क्यूआर कोड छापून आरशाशेजारी लावा. केस सेट झाल्यावर बाई स्वतःला आरशात बघून हसते ना, तेव्हाच सांगायचं. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा फुकट आयब्रो देऊ नका. गुगलला ते चालत नाही आणि मलाही ते पटत नाही. नाराज बाईने काही लिहिलं तर त्याच दिवशी नम्रपणे उत्तर द्या. नवीन गिऱ्हाईक तक्रारीइतकंच तुमचं उत्तरही वाचत असतं.

पेपरला बातमी द्या, जाहिरात नको

‘पुढारी’, ‘सकाळ’, ‘लोकमत’, सगळ्यांची शहराची पानं रोज भरायची असतात. ती भरणाऱ्याला आपण मदत करायची. सणाच्या आठ-दहा दिवस आधी, त्या सणाला बायकांना नडणारी एक गोष्ट निवडा. माझी पहिली छापून आलेली टीप गौरी-गणपतीच्या आधीची होती, काळ्या मेंदीबद्दल. ती साधारण अशी होती:

“सणासाठी केस रंगवताना काळजी घ्या. मेंदीच्या पाल्याचा रंग नारिंगी-तपकिरी येतो, काळा येत नाही. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये पीपीडी हे रसायन असू शकतं. काहींना त्याची ॲलर्जी होऊन खाज, सूज, फोड येतात. रंग लावण्याच्या ४८ तास आधी थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. आग झाली, पुरळ उठलं तर तो रंग वापरू नये आणि डॉक्टरांना दाखवावं.”

खाली एका ओळीत माझं नाव, पार्लरचं नाव आणि भाग. दर नाही, ‘अवश्य भेट द्या’ नाही. सकाळी अकराच्या आत माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: “ताई, तुमचं वाचलं. मी उद्या येतो, आधी ते कानामागं लावून बघा.” (आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, ‘येतो’, ‘जातो’.) ती एकटी आली नाही, जावेला घेऊन आली.

पाठवायची रीत सांगते. मजकूर दीडशे-दोनशे शब्दांचा, युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाईलवर टाईप होतं तसा टाईप केलेला असावा. कागदाचा फोटो काढून पाठवलात तर तिकडे कुणाला तरी तो पुन्हा टाईप करावा लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. फोटो वेगळा द्या. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दबून धूसर होतो. फोटोत कोण कोण आहे ते ‘डावीकडून’ असं लिहून नावं द्या. गिऱ्हाइकाचा चेहरा असेल तर तिची परवानगी आधी घ्या. लग्नाच्या फोटोला नवरीबरोबर घरच्यांनाही विचारलेलं बरं. कचेरीत जायचं तर दुपारी जा, संध्याकाळी पानं लावायची घाई असते. आणि छापून आलं नाही म्हणून फोन करकरून विचारू नका. पुढच्या सणाला नवीन टीप घेऊन जा.

महिलांच्या मंचांवर जा

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ इथे आहे आणि सगळ्यात कमी पार्लरवाल्या इथे पोहोचतात. ‘पुढारी’चा कस्तुरी क्लब, ‘लोकमत’चं सखी मंच, ‘सकाळ’ची तनिष्का, शिवाय पेठापेठांतली महिला मंडळं, भिशी गट, हळदी-कुंकवाचे कार्यक्रम. या सगळ्यांना कार्यक्रमासाठी विषय आणि बोलणारी बाई हवी असते. मानधन न घेता वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक करून दाखवा. नऊवारीवर शोभेल असा खोपा घरच्या घरी कसा घालायचा, पावसाळ्यात ओले केस बांधून ठेवल्याने काय होतं, असे विषय घ्या. मंगळवार पेठेतल्या एका हळदी-कुंकवाला मी समोरच्याच एका आजींचे पांढरेशुभ्र केस विंचरून अंबाडा घातला, वर शेवंतीची वेणी माळली. पुढची पाच मिनिटं मला बोलावंच लागलं नाही, सगळ्या उठून आजींभोवती गोळा झाल्या. कार्यक्रमाचं वृत्त मंडळच पेपरला देतं, त्यात तुमचं नाव आपोआप येतं. पिशवीत फक्त कंगवे, पिना, आकडे न्या. विकायला काही नेऊ नका.

आकाशवाणी कोल्हापूरलाही महिलांच्या कार्यक्रमासाठी विषयाचं पत्र देता येतं. पत्रात विषय एकच असावा, आणि त्यात काय सांगणार ते चार ओळींत.

शेजारच्या धंद्यांशी जोडून घ्या

नवरी पार्लरमध्ये येण्याआधी महाद्वार रोडला साडी घेते, सराफांच्या गुजरीत साज बघते, फोटोग्राफर ठरवते. या सगळ्यांशी ओळख ठेवा. तुमच्या नवरीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना फोटोग्राफर, साडीवाले, मेंदीवाली यांना टॅग करा, ते तुम्हाला करतील. लोकेशनला कोल्हापूर टाकायला विसरू नका. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, म्हणून ही बांधणी दिवाळीच्या आधीच झालेली हवी.

व्हॉट्सॲप बिझनेस

हेही मोफत. कॅटलॉगमध्ये दर लिहा, वेळा लिहा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकींना पाठवायच्या यादीत, २५६ जणींपर्यंत घेता येतं, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून बिल देताना नंबर तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगा. महिन्याला दोन निरोप पुरे. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या पार्लरला लोक ब्लॉक करतात.

एक वही ठेवा

नवीन गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ॲप्रन बांधता बांधता विचारायचं, “आमच्याबद्दल कुठनं कळलं?” उत्तर तारखेसह वहीत लिहायचं. पेपर, गुगल, भिशी, शेजारीण, जे सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत. दर तीन महिन्यांनी वही वाचून पुढचा वेळ कुठे घालायचा ते मी ठरवते. माझ्या वहीत गेल्या पावसाळ्यात एका बाईंनी सांगितलेलं तसंच्या तसं लिहिलेलं आहे: “आमच्या आजींचा अंबाडा तुम्हीच घातला होता न्हवं?”