पानाचा नमुना घेण्याआधी पानाचं वय बघा

कुरणाच्या पान परीक्षणाचा अहवाल कुणी दाखवला की मी आकड्यांआधी एकच विचारते: पानं कुठली खुडली होती, पोंग्यालगतची की बुडाची? एकाच फुटव्यावर वरचं पान स्फुरद (फॉस्फरस) पुरेसं दाखवतं, खालचं कमतरता दाखवतं, आणि जमीन तर तीच असते.

पान म्हातारं व्हायला लागलं की झाड त्यातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश (पोटॅशियम) काढून घेतं आणि नव्या पानांना देतं. गरज पडली तर मॅग्नेशियमही. म्हणून यांची उपासमार आधी खालच्या पानांवर दिसते. कॅल्शियमचं उलटं. ते पाण्याबरोबर पानात येतं आणि अन्नवाहिन्यांतून जवळजवळ परत जात नाही, त्यामुळे जुन्या पानात साठत राहतं. सिलिका आणि मँगेनीजही बहुधा तसेच. तांबं, जस्त, गंधक यांचं ठाम सांगता येत नाही. नत्राचा पुरवठा कसा आहे त्यावरही ते ठरतं. आणखी एक: पेशींच्या भिंती जाड होऊन कोरडं वजन वाढलं, की काहीही बाहेर न जाताही अन्नद्रव्यांचा टक्का घसरतो.

म्हणून जमिनीचं पोषण तपासायचं असेल तर पूर्ण उघडलेलं सर्वांत वरचं पान घ्या. राय गवताच्या एका फुटव्यावर साधारण तीनच जिवंत पानं असतात. चौथं आलं की पहिलं वाळतं. ते वाळकं पान नमुन्यात नकोच. क्लोव्हरचा (कुरणातल्या द्विदल चाऱ्याचा) देठ ठेवायचा की काढायचा हे एकदाच ठरवा आणि दरवेळी तसंच करा. शेणमुताच्या हिरव्यागार ठिपक्यांवरून काही घेऊ नका. जस्ताचा मुलामा दिलेलं हत्यार वापरलंत तर जस्ताचा आकडा फसवा येईल, मातीचा कण राहिला तर लोहाचा. कागदी पिशवी वापरा, आणि पिशवीवर मागच्या चराईनंतर किती दिवस झाले ते लिहाच.

जनावराच्या पोटात काय जातं हे हवं असेल तर मात्र निवड करू नका. ते जितक्या उंचीवर चरतं तिथून सगळं कापा, कोवळं-जून एकत्र. दाणा धरलेल्या कुरणात स्फुरद कमी पडतो. पण मला जास्त काळजी वाटते ती झपाट्यानं वाढलेल्या लुसलुशीत गवताची: त्यात पालाश भरपूर, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी. नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईंना तिथे सोडण्याआधी मॅग्नेशियमची सोय करून ठेवा; ते कमी पडून गाईला झटके यायला लागल्यावर हातात फार वेळ उरत नाही.