विंडोज अकरा टाकल्यापासून कॉम्प्युटर रखडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

विंडोज 10 ची मोफत अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि मला येणाऱ्या फोनचा सूरच बदलला. आधी ‘व्हायरस शिरलाय का बघा’ असायचं, आता ‘अकरा टाकल्यापासून चालतच नाही’. मी नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्यांचे, टॅक्सवाल्यांच्या ऑफिसांतले आणि कोथरूडच्या निवृत्त काकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिन्हीकडे पुढचा प्रश्न ठरलेला: ‘फॉरमॅट मारून टाकायचा का?’

नाही मारायचा. आज तरी नाही.

अपग्रेडनंतर पहिले एकदोन दिवस मशीन मंद असणारच. स्क्रीनवर काही दिसत नाही, पण आत शोधासाठी फायलींची यादी नव्याने बनत असते, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर तपासणी करत असतो, राहिलेली अपडेट्स आणि ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअरं) उतरत असतात. त्याला ते करू द्या. चार्जर लावा, स्लीप बंद करा आणि रात्रभर चालू ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर फक्त बुधवारची रात्र टाळा. गुरुवारी आपल्याकडे लाइटचं काय होतं ते पुणेकराला सांगायला नको. सकाळी रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणजे कालचं अडकलेलं आजही अडकलेलंच.

एवढं करूनही रखडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात. पाच मिनिटं कशालाही हात न लावता नुसतं बघत बसा: कुठला रकाना नव्वदच्या वर चिकटून राहतो? हे न बघता लोक थेट रॅम आणायला धावतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनांमध्ये चिकटलेला असतो तो डिस्कचा रकाना. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथे एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. एचडीडी असेल तर बाकीची शोधाशोध थांबवा. ती फिरणारी तबकडी आहे, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5400 फेऱ्यांची. सलग मोठी फाइल ती बरी वाचते, पण विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरेक वाचनं झाली तरी डोक्यावरून पाणी. एसएसडी चिपवर साठवते, तिच्यात फिरणारं काही नसतं; साधी एसएसडीसुद्धा तेच काम हजारोंनी करते. आणि पार्श्वभूमीला चाललेल्या विंडोजचं काम म्हणजे असले छोटे तुकडेच. दहा त्या तबकडीवर कसंबसं रेटत होतं, अकरा रेटत नाही.

उपाय एकच, एसएसडी. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते. जुन्या डिस्कवरचं सगळं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घेता येतं, टॅली किंवा फोटो परत टाकायला लागत नाहीत. क्लोन करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा आणि असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. त्याही आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ‘पेंडिंग सेक्टर’समोर, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागांसमोर, शून्याखेरीज काही असेल, तर आधी डेटा बाहेर काढा, वेगाचं नंतर बघू.

मेमरी, म्हणजे रॅम, भरलेली दिसली तर सरळ हिशोब आहे. अकराला किमान 4 जीबी लागते असं म्हणतात, ते सुरू होण्यापुरतं. क्रोमच्या चार खिडक्या उघडल्या की संपलं. 8 करा. किती स्लॉट रिकामे आहेत ते परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली दिसतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते, म्हणून दुकानात जाण्याआधी मॉडेल नंबर तपासा.

सीपीयू भरलेला असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारा वर येतो. बरेचदा तो मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस निघतो. तो काढायला त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा, नाहीतर शेपूट मागे राहतं. व्हिडिओ अडखळतोय, पान सरकवताना झटके बसताहेत? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’वाली सॉफ्टवेअरं माझ्यासमोर उघडूसुद्धा नका.

एकही रकाना भरलेला नाही आणि तरी मशीन गोगलगाय? मग पेठेतले दोन खास आजार तपासा. पहिला फॉन्टचा. लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या मशीनवर वर्षानुवर्षांचे शेकडो मराठी फॉन्ट साठलेले असतात, त्यातले निम्मे त्यालाही आठवत नाहीत. कोरलड्रॉ उघडताना ती सगळी रांग लागते. रोजचे ठेवा, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. दुसरा आजार नेटवर्कचा: कधीच भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह अजून ‘झेड’ म्हणून जोडलेली असते. फाइल एक्सप्लोरर उघडलं की विंडोज तिची वाट बघत बसतं. राइट क्लिक करून डिस्कनेक्ट करा.

स्टार्टअप ॲप्समधलं अनावश्यक बंद करा, तेवढं सगळ्यांनीच.

डिस्क क्लीनअपची मात्र घाई नको. ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर मोठा दिसतो म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी उडवतात. पण परत दहावर जायची वाट तिथूनच आहे, आणि ती फक्त 10 दिवस उघडी असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा, म्हणजे अकराला अधिकृतपणे न चालणारा, प्रोसेसर असूनही कोणी युक्ती करून अकरा बसवून दिलं असेल आणि एसएसडी, रॅम सगळं असूनही ते ओढत नसेल, तर त्या 10 दिवसांतच मागे फिरा. विंडोज 10 च्या वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करता येते, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालतात.

आणि मला फोन करणार असाल तर नुसतं ‘स्लो आहे’ सांगू नका. टास्क मॅनेजरचा फोटो काढून पाठवा, चारही रकाने दिसतील असा.