अंगणातलं मांजर नव्या घरी नेताना

घर बदलायचं म्हटलं की ट्रक, गॅस, दूधवाला सगळं आठवतं. मांजर आठवतं ते आयत्या वेळी माळ्यावर दडून बसल्यावर. घरात जेवणारं आणि दिवसभर कौलांवरून हिंडणारं मांजर असेल, तर त्याची तयारी महिनाभर आधी सुरू करा. नसबंदी राहिली असेल तर ती पहिली उरका. न झालेला बोका लांबवर भटकतो आणि नव्या गल्लीतल्या बोक्यांशी मारामाऱ्या करतो. त्याच फेरीत रेबीजची लस आणि जंताचं औषधही देऊन घ्या. गळ्यात पट्टा घालायचा तर ओढ बसताच सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून फास लागतो.

कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, आत्तापासूनच दार उघडं ठेवून कोपऱ्यात मांडा आणि आत रोज चिमूटभर सुकट टाका. पोत्यात कोंबून मांजर नेणं हा निव्वळ छळ आहे. बाहेर जाणाऱ्या मांजराला शी-शूच्या ट्रेची सवय नसते, म्हणून ते एरवी जिथे उकरतं तिथलीच माती ट्रेमध्ये भरा आणि एक पिशवी बरोबर न्या. त्याची गोधडी मात्र धुऊ नका. एक सुती रुमाल त्याच्या गालांवरून, हनुवटीखालून हलकेच फिरवून ठेवा. नव्या खोलीत दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायांना, मांजराच्या उंचीवर तो घासला की जागेला त्याचा स्वतःचा वास लागतो.

सामान हलवायच्या आदल्या रात्रीच मांजर आत घ्या. सकाळी ट्रेसकट एका खोलीत ठेवून दारावर ‘उघडू नये’ असा कागद चिकटवा, कारण हमालांची ये-जा सुरू झाली की मांजर पसार होतं. ती खोली सगळ्यात शेवटी रिकामी करायची. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, कॅरिअरवर ओढणी टाका आणि कितीही ओरडलं तरी गाडीत दार उघडू नका. झोपेचं औषध मनाने तर अजिबात नको.

नव्या घरात आधी एकच खोली, तीही जाळी लावलेली. तिथे ते निवांत खाऊ-झोपू लागलं की बाकीचं घर दाखवा. फरशी फिनेलने पुसू नका. पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराला बाधतं. उंदराचं औषध कुठे टाकलंय का, हे घरमालकाला आधीच विचारा. दिवसभरात अन्नाला तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. बोका सारखा ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. लघवी तुंबून जिवावर बेतू शकतं.

बाहेर सोडायची घाई तेवढी करू नका, माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच. किमान तीन आठवडे घरातच. जुनं घर चालत जाण्याइतकं जवळ असेल तर त्याहून जास्त, कारण मांजर जुन्या जागेची वाट शोधत निघतं. दिवाळीचे फटाके किंवा गणपतीतले ढोल सुरू असतील तर ते संपू द्या. पहिली फेरी दिवसाउजेडी आणि जेवणाआधी. उचलून बाहेर ठेवू नका, दार उघडं ठेवा, त्याच्या पायाने जाऊ द्या. दहा मिनिटांनी खाऊचा डबा वाजवून हाक मारा. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना मांजराचा फोटो दाखवून ठेवा. जुन्या शेजाऱ्यांनाही सांगा: आलंच तर दयेपोटी खायला घालू नका, आत कोंडून आम्हाला फोन करा.