जुन्या एलटीओ टेप नव्या ड्राइव्हमध्ये का वाचल्या जात नव्हत्या

कार्यालयात बॅकअपसाठी एलटीओ-८ ड्राइव्ह (एलटीओ ही डेटा साठवण्याच्या चुंबकीय टेपची प्रणाली; पुढचा आकडा तिची पिढी सांगतो) बसवल्यावर जुन्या एलटीओ-५ टेप त्यात वाचल्याच जाईनात, आणि पहिला संशय साहजिकच टेपवर गेला. पण क्लीनिंग कार्ट्रिज (ड्राइव्ह आतून साफ करणारी टेप) फिरवूनही फरक पडला नाही, तेव्हा मी पिढ्यांची सुसंगतता तपासली. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचतात आणि मागील एका पिढीच्या टेपवर लिहितात. एलटीओ-८ मात्र केवळ सातव्या व आठव्या पिढीच्याच टेप स्वीकारतो. कार्ट्रिजचा आकार सर्व पिढ्यांत सारखाच असल्याने ती आत सहज जाते, आणि घोटाळा होतो तो तिथेच. म्हणून एलटीओ-७ चा एक वापरलेला ड्राइव्ह मिळवून तो एसएएस कार्डाला (असे ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या कार्डाला) जोडला, ज्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतले होते त्यानेच टेपचा कॅटलॉग (आतील फायलींची यादी) पुन्हा तयार केला आणि सर्व फायली आधी डिस्कवर उतरवून, चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडून पाहण्याचा आकडा) जुळल्यावरच १२ टीबीच्या नव्या एलटीओ-८ टेपवर लिहिल्या. कोऱ्या एलटीओ-७ टेपवर एलटीओ-८ ड्राइव्ह ९ टीबीपर्यंत लिहू शकतो. हा पर्याय स्वस्त असला तरी मी टाळला, कारण तशी टेप अन्य कोणत्याही पिढीच्या ड्राइव्हला वाचता येत नाही.