मोर्स कानाने शिका: हॅम रेडिओवर नव्याने येणाऱ्यांनी या चुका टाळा

हॅम म्हणजेच हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी, आलंच पाहिजे, ही सक्ती २००३ साली आंतरराष्ट्रीय नियमांतून उठली. मी परवान्याच्या जनरल ग्रेडची परीक्षा दिली तेव्हा मात्र आपल्याकडे मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवताही यावं लागे. त्या आठ शब्दांसाठी मी दोन वर्षं घालवली, कारण सुरुवातच चुकली होती. आज हौशीने मोर्सकडे वळणारी मुलं तीच चूक करताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

ती चूक म्हणजे ठिपके आणि रेघांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ करणं. तक्ता पाठ झाला की आवाज कानावर पडल्यावर मन आधी ठिपके मोजतं, मग तक्त्यात शोधतं आणि मग अक्षर ओळखतं. तोवर पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. तबला शिकणारा ‘धा’ आणि ‘तिं’ कागदावर बघून ओळखत नाही, तसंच हे. ठिपक्याचा आवाज ‘डिट’, रेघेचा ‘डा’. ‘के’ म्हणजे ‘डा-डिट-डा’ हा एक अखंड नाद आहे. तारघरातले तारमास्तर यंत्राची कटकट ऐकत थेट अक्षरं उतरवत. मध्ये तक्ता नसे.

यालाच लागून दुसरी चूक येते: अक्षरंच संथ ऐकणं. ८ शब्दांच्या वेगाला एक डिट १५० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे मोजायला भरपूर वेळ मिळतो आणि मोजायची सवय लागते. २० शब्दांना तोच डिट ६० मिलिसेकंदांवर येतो. तिथे मोजता येत नाही, नादच ओळखावा लागतो. म्हणून अक्षरं १८-२०च्या वेगाने ऐका आणि दोन अक्षरांमधली जागा हवी तेवढी वाढवा. सुरुवात ‘के’ आणि ‘एम’ या दोनच अक्षरांनी करा, शंभरात नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरं घ्या. ही कोख (Koch) पद्धत. ‘एलसीडब्ल्यूओ’ या संकेतस्थळावर तिचा सराव फुकट करता येतो. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी जास्त देतात. एखादं अक्षर निसटलं तर सोडून द्या. त्याच्या मागे लागलात की पुढची चार जातात.

पाठवताना घोळ होतो तो मोकळ्या जागांचा. डा हा डिटच्या तिप्पट, अक्षराच्या आतली जागा एका डिटची, दोन अक्षरांमधली तीन डिटची आणि दोन शब्दांमधली सात डिटची. ‘ए’ आणि ‘एन’ यांच्यात जागा सोडली नाही की ऐकणाऱ्याला ‘पी’ ऐकू येतो. उलट ‘सीक्यू’ (सर्वांना घातलेली साद) मध्येच तोडून पाठवलं तर ते ‘एनएनएमए’ होतं. आपलं पाठवणं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन स्वतःच उतरवून बघा. मला माझ्या चुका अशाच कळल्या.

आता यंत्राच्या तक्रारी. साधी की (दाबून मोर्स पाठवायची दांडी) जोडली आणि रेडिओ नुसता डा-डा-डा करत सुटला, तर बिघाड शोधत रेडिओ उघडू नका. साध्या कीचा मोनो प्लग पॅडलच्या (डिट आणि डा यांना वेगळी पाती असलेल्या कीच्या) स्टिरिओ सॉकेटमध्ये गेला की डाची तार अर्थला टेकते. स्टिरिओ प्लग लावून मधली कडी रिकामी सोडा. एवढ्यावर की दाबून धरल्यावर डिटची माळ निघाली, तर रेडिओतला कीयर (डिट-डा आपोआप बनवणारा भाग) चालू राहिला आहे. मेनूत जाऊन साधी की निवडा. पॅडलचे डिट-डा उलटे येत असतील तर तेही मेनूतच बदलतं. पॉवर वाढवली की आपोआप जादा डिट उमटत असतील, तर रेडिओलहरी कीच्या वायरीत शिरताहेत. त्या वायरीचे पाच-सहा वेढे फेराइट रिंगवर घ्या.

की दाबताच सूर हलत असेल, चिमणीसारखा चिवचिवत असेल, तर आधी व्होल्टेज बघा. १०० वॅटचा सेट की दाबल्यावर २० अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर बारीक असली तर पुरवठ्यावर १३.८ दिसतं, पण सेटच्या टोकाला ते खाली बसतं. मीटर सेटच्या टोकालाच लावा, तेही की दाबलेली असताना.

समोरचा ऐकू येतो, पण आपल्याला उत्तर देत नाही? बहुतेक वेळा आपण त्याच्या फ्रिक्वेन्सीवर नसतोच. त्याचा सूर आपल्या साइडटोनशी (पाठवताना आपल्याला ऐकू येणाऱ्या स्वतःच्या सुराशी) तंतोतंत जुळेपर्यंत डायल फिरवा, आणि आरआयटी (फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी सरकवणारी सोय) बंद आहे ना तेही बघा. त्याचा फिल्टर ५०० हर्ट्‌झचा असेल, तर थोड्या फरकानेही आपण बाहेर पडतो.

४० मीटर लहरींच्या बँडवर सतत खरखर असेल तर सेट बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. आवाज गेला तर दोषी घरातच आहे: एलईडी दिवा, चार्जर किंवा इन्व्हर्टर. वळवाच्या दिवसांतली तडतड मात्र विजांची असते. तेव्हा फिल्टरशी झुंजत बसू नका, अँटेना काढून ठेवा.

पहिल्यांदा हवेत जाताना ‘क्यूआरएल?’ (ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?) विचारून थांबा. फ्रिक्वेन्सी कुणाची चालू असेल तर कळेल. आणि जेवढ्या वेगाने घेता येतं तेवढ्याच वेगाने पाठवा, कारण उत्तर त्याच वेगाने येतं. तरीही कुणी जोरात आलं, तर ‘क्यूआरएस’ (सावकाश पाठवा) पाठवा. तीस-चाळीस वर्षं की चालवलेली माणसंही माझ्यासाठी लगेच सावकाश झाली आहेत.