पावसाळ्यात जुने क्रेट, खोकी आणि गोण्या पुन्हा वापरताना

शेतमाल भरायचे बारदान (क्रेट, खोकी, गोण्या) टाकून न देता पुन्हा वापरावे, ही सूचना रास्तच आहे. मात्र पावसाळ्यात ती डोळे झाकून पाळली, तर एका खेपेतली कूज पुढच्या खेपेत जाते आणि थप्पी वाटेतच ढासळते.

प्लॅस्टिकचे क्रेट पुन्हा वापरायला सर्वांत चांगले. परत आलेल्या क्रेटमधली माती, पाने आणि चिकटलेला रस आधी ब्रशने घासून पाण्याने धुवा. घाण राहिली तर नंतरच्या जंतुनाशक द्रावणातला क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो, बुरशी तशीच उरते. मग 1 लिटर पाण्यात 5 टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) 4 मिलि घाला (सुमारे 200 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 200 भाग) आणि क्रेट 5 मिनिटे बुडवून ठेवा. द्रावण रोज ताजे करा, गढूळ झाले की लगेच बदला. त्यात आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन क्रेट उपडे ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय एकात एक घालू नका.

काठ फुटलेला किंवा कोपऱ्याला तडा गेलेला क्रेट बाजूला काढा. धारदार काठाने फळाला जखम होते आणि कूज तिथूनच शिरते. माल काठाच्या 2-3 सेंमी खालपर्यंतच भरा. वर आला तर वरच्या क्रेटचा भार फळांवर येतो.

पुठ्ठ्याच्या खोक्याबाबत आमचे मत कडक आहे. पुठ्ठा दमट हवेतला ओलावा शोषून मऊ पडतो, शिवाय तो धुता येत नाही. खोक्याची बरीचशी ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते आणि वापरलेल्या खोक्याचे कोपरे बहुधा दबलेले असतात. अंगठ्याने दाबून पाहा. कोपरा दबला तर त्यात माल भरू नका. चांगले असतील तेही थप्पीत सर्वांत वरच ठेवा. विटांसारखी सांधेमोड न करता कोपऱ्यावर कोपरा येईल अशी रचना करा. न धुता खाल्ल्या जाणाऱ्या फळांसाठी नवेच खोके घ्या.

धान्याच्या ज्यूट गोण्या उलट्या करून शिवणीतले दाणे झटका, कारण सोंडकिडे तिथेच लपतात. उकळत्या पाण्यात 15 मिनिटे ठेवा आणि कडकडीत वाळवा. ऊन नसेल तर वाळेपर्यंत थांबा. ओलसर गोणीत धान्याला बुरशी लागते.

खताच्या गोण्या आणि कीटकनाशकांचे डबे मात्र कितीही धुतले तरी धान्य, भाजी किंवा चाऱ्यासाठी वापरू नका. कीटकनाशकाचा रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि डब्याला भोके पाडा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या वापरात येणार नाही.