अलॉय व्हील काळवंडलेत? पॉलिशच्या आधी क्लिअर कोट बघा

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक साइडला गाडी फिरली की अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, पार कळकट होतात आणि मग लोक डायरेक्ट मेटल पॉलिश आणून घासत बसतात. थांबा जरा. चाक थंड असताना शाम्पू आणि मऊ ब्रशने धुवा, टॉयलेटचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा चुकूनही लावू नका, दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

आता पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर उघडा धातू आहे. नाही झालं तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, आहे, आणि कोटाखाली पांढरट जाळी पसरली असेल तर वरून कितीही घासा, ती हलत नाही. तिथे पेंट रिमूव्हरने कोट काढावाच लागतो, ग्लोव्हज घालून, मोकळ्या हवेत. डायमंड कट व्हील (ज्याचा दर्शनी भाग मशीनवर कापून चकचकीत केलेला असतो) असेल तर घरी पॉलिश पेपर मारूच नका, ते सीएनसी लेथचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकाम मशीनचं काम आहे. आणि तडा दिसला तर पॉलिशचा विषयच संपला, चाक बदला.

चाक खोलून घेतलेलं बरं, पॉलिश ब्रेक डिस्कला लागत नाही.

धातू उघडा असला की खरी मेहनत वॉटर पेपरची, म्हणजे पाण्यात भिजवून घासायच्या पॉलिश पेपरची; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. ओरखडे खोल असतील तर ४०० पासून, नाहीतर ६०० पासून सुरू करा, मग ८००, १०००, १५००, २०००, सगळं साबणाच्या पाण्यात भिजवून. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, पहिला आडवा तर पुढचा उभा, म्हणजे मागच्या पेपरच्या रेषा राहिल्यात का लगेच कळतं, आणि त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. मधे चाक धुवा, बादलीतलं पाणीही बदला, कारण जाड पेपरचा एक कण राहिला तरी तो २००० च्या वेळी नवीन चरे पाडतो. लोक इथेच घाई करतात आणि मग पॉलिशला नावं ठेवतात! नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू मात्र घासायची नाही.

मग मेटल पॉलिश, थोडं थोडं, ड्रिलला बफ (पॉलिशची मऊ गादी) लावून कमी स्पीडवर, काळा थर पुसत पुसत. शेवटी व्हील वॅक्स किंवा सीलंट मारा आणि पावसाळ्यात ते परत परत लावत राहा, उघडं ॲल्युमिनियम पुन्हा मंद पडतंच.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळा, आणि नाशिक ते शिर्डीएवढी, ८०-९० किलोमीटरची एक चक्कर झाली की परत पाना लावून बघा.